सावधगिरीची आस्तिकता

देव आहे कीं नाहीं, या प्रश्नावर विद्वानांनीं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. परंतु आपल्या घरांतून हा प्रश्न निघतो तेव्हां त्या ग्रंथांतील भाषा सहसा ऐकूं येत नाहीं. तेथें दोन साधे उद्गार ऐकूं येतात. एक, "हात जोडायला काय पैसे पडतात?" आणि दुसरा, "न जाणो!" नातवाला परीक्षेस पाठवतांना देवापुढें साखर ठेवणारी आजी, नवें दुकान उघडतांना नारळ फोडणारा व्यापारी, आणि एरवीं देवधर्माची थट्टा करणारा पण घाटांतून मोटार जातांना वळणावरच्या देवळास नकळत नमस्कार करणारा प्रवासी, या सर्वांच्या मनांत तो दुसरा उद्गार कोठें तरी असतोच.

"न जाणो" या दोन शब्दांत एक सबंध युक्तिवाद सांठवलेला आहे. देव असेल तर नमस्कार कारणीं लागेल. नसेल तर नमस्कारानें आपलें कांहीं गेलें नाहीं. घराचा विमा उतरवणारा मनुष्य आग लागेलच असें थोडेंच मानतो? लागलीच तर, एवढाच त्याचा विचार असतो. तसाच हा परलोकाचा विमा. हिशेब वरवर पाहतां बिनतोड दिसतो. तो खरोखर तसा आहे काय, आणि हा विमा उतरवणाऱ्यास त्याचा हप्ता मुळींच पडत नाहीं हें खरें काय, याचा शोध इतिहासांत घेण्यासारखा आहे. त्यासाठीं फार दूर जाण्याचीहि गरज नाहीं. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या कांठच्या खानदेशांत या प्रश्नाचीं बहुतेक सर्व रूपें पाहावयास मिळतात.

युरोपांत या युक्तिवादाला ज्याचें नांव चिकटलें तो ब्लेझ पास्कल हा फ्रेंच गणिती इ. स. १६२३ मध्यें जन्मला आणि १६६२ मध्यें, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं वारला. १६५४ सालीं जुगाराच्या एका कूटप्रश्नावरून त्याचा फेर्मा या दुसऱ्या गणित्याशीं पत्रव्यवहार झाला. डाव अर्धवट मोडला तर पणाला लावलेली रक्कम दोघां खेळाडूंनीं कोणत्या प्रमाणांत वांटून घ्यावी, असा तो प्रश्न होता. त्या पत्रव्यवहारांतून संभाव्यतेचें गणित उदयास आलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पास्कलला एका रात्रीं ईश्वराचा उत्कट अनुभव आला आणि पुढचें त्याचें आयुष्य धर्मचिंतनांत गेलें. त्याच्या मृत्यूनंतर, १६७० सालीं, त्याचीं टिपणें 'पांसे' या नांवानें प्रसिद्ध झालीं. त्यांत हा पणाचा युक्तिवाद आहे. तो असा : ईश्वर आहे कीं नाहीं हें बुद्धीला ठरवतां येत नाहीं, पण पैज तर लावलीच पाहिजे, कारण जगणें म्हणजेच कोणत्या तरी बाजूस उभें राहणें. आहे या बाजूनें पैज लावून जिंकलात तर लाभ अनंत. हरलात तर तोटा मर्यादित. मग शहाण्यानें कोणती बाजू घ्यावी?

पास्कलला पुढची अडचणहि ठाऊक होती. हिशेब पटला तरी विश्वास कांहीं हुकमी उत्पन्न होत नाहीं. अशा मनुष्याला त्यानें सल्ला दिला कीं, श्रद्धावान् जसे वागतात तसें वाग. तीर्थ घे, प्रार्थनेस जा. संवयीनें मन वळेल. यावर अठराव्या शतकांत दोन मोठे आक्षेप आले. व्हॉल्टेअरनें १७३४ मध्यें म्हटलें कीं, एखादी गोष्ट खरी मानण्यांत माझा फायदा आहे, एवढ्यानें ती गोष्ट खरी ठरत नाहीं. दिदरो यानें दाखवून दिलें कीं, हाच युक्तिवाद एखादा इमामहि तितक्याच जोरानें करूं शकेल. मग पैज लावावयाची ती कोणत्या धर्माच्या देवावर?

आतां हा पण पास्कलनेंच प्रथम मांडला असें समजण्याचें कारण नाहीं. त्याच्या दोन हजार वर्षें आधीं आपल्या देशांत तो मांडला गेला होता, आणि तोहि फांशांच्याच भाषेंत. पाली भाषेंतील मज्झिमनिकायामध्यें अपण्णक नांवाचें एक सुत्त आहे. कोसल देशांतील साला या ब्राह्मणांच्या गांवीं बुद्धानें तेथल्या गृहस्थांना केलेला तो उपदेश आहे. परलोक आहे कीं नाहीं याविषयीं निरनिराळे आचार्य निरनिराळें सांगतात, तर आम्ही काय करावें, अशी त्या गृहस्थांची अडचण होती. बुद्धाचें उत्तर थोडक्यांत असें कीं, परलोक नसला तरी दुराचरणी मनुष्याची याच लोकीं शहाण्यांकडून निंदा होते. आणि असला तर तेथेंहि त्याची दुर्गति होते. म्हणजे दोन्हीकडून त्याच्या हातीं हरण्याचाच फांसा पडतो. सदाचरणी मनुष्याच्या हातीं मात्र दोन्हीकडून जिंकणारा फांसा. संस्कृतांतहि एक जुनें सुभाषित याच अर्थाचें आहे. परलोकाबद्दल संशय असला तरी शहाण्यानें पाप टाळावेंच. परलोक नसला तर त्याचें काय बिघडलें, आणि असला तर न मानणाराच फसला, असा त्याचा आशय.

वरवर पाहणाराला पास्कल आणि हा उपदेश यांत भेद दिसणार नाहीं. परंतु भेद आहे आणि तो मुळाशींच आहे. पास्कल श्रद्धेवर पैज लावावयास सांगतो. बुद्ध आणि तें सुभाषित आचरणावर लावावयास सांगतात. साला गांवच्या गृहस्थाला मनांत नसलेला विश्वास मनांत आणावयाचा नव्हता. चोरी करूं नये, खोटें बोलूं नये, कोणाला दुखवूं नये, एवढेंच त्याला करावयाचें होतें. आणि हें करण्यासाठीं परलोकाची खात्री लागत नाहीं. शिवाय या पैजेंत हरणें असें नाहींच, कारण सदाचरणाचें फळ परलोकावर अवलंबून ठेवलेलें नाहीं. तें येथल्या येथें मिळतें. सावधगिरी आचरणाला शोभते. तीच श्रद्धेला शोभते काय, हा खरा प्रश्न आहे.

खानदेशच्या दक्षिण सीमेवरील डोंगररांगेंत बौद्धांचीं लेणीं आहेत. अजिंठा तर जगप्रसिद्ध आहे. चाळीसगांवच्या बाजूनें गेलें असतां डोंगरांत पितळखोऱ्याचीं लेणीं लागतात. तीं अजिंठ्याच्या आरंभींच्या लेण्यांइतकींच जुनीं, ख्रिस्तपूर्व काळांतील आहेत. तेथील एका स्तंभावर प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथील मितदेव नांवाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचें दान कोरलेलें आहे. त्या मितदेवाच्या मनांत काय होतें हें तो लेख सांगत नाहीं. पुण्याची आशा असेल, आणि "न जाणो" हाहि विचार असेल. पण एवढें खरें कीं, त्याच्या दानानें उभा राहिलेला खांब आज दोन हजार वर्षें उभा आहे, आणि पावसाळ्यांत तेथें राहणाऱ्या भिक्षूंना त्यानें निवारा दिला. दानांतील सावधगिरी दुसऱ्याच्या उपयोगीं पडली, हा तिचा मोठा गुण होय.

त्याच चाळीसगांवच्या डोंगराच्या कुशींत पाटण म्हणून गांव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला आजहि हजारों लोक जातात. या पाटणला इ. स. १२०७ मधील एक शिलालेख सांपडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो विद्वानांच्या नजरेस आणला. निकुंभ वंशांतील सोइदेव या राजानें येथल्या मठास दान दिल्याचा तो लेख आहे. हा मठ चांगदेव नांवाच्या ज्योतिष्यानें स्थापिला होता. तो देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी आणि थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणि आणि इतर ग्रंथ यांचें अध्यापन व्हावें, हाच मठाचा उद्देश होता. लेखाच्या अखेरचा भाग त्या काळच्या मराठींत आहे, म्हणून मराठी भाषेच्या इतिहासांतहि त्याला मान आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें या लेखांतील एक तपशील फार बोलका आहे. हें दान श्रावण पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळीं, हातावर पाणी सोडून दिलेलें आहे. ग्रहणांत दान करावें, म्हणजे अरिष्ट टळतें आणि पुण्य अनेक पटींनीं वाढतें, ही समजूत जुनीच आहे. पण येथें दान घेणारा मठ होता तो ग्रहण कशानें लागतें हें शिकवण्यासाठींच! भास्कराचार्य शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें जन्मले आणि छत्तिसाव्या वर्षीं, ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि पूर्ण केला. पृथ्वीच्या छायेंत चंद्र शिरला म्हणजे चंद्रग्रहण, आणि सूर्याच्या आड चंद्र आला म्हणजे सूर्यग्रहण, हें त्यांत स्पष्ट सांगितलेलें आहे. दोन्ही ग्रहणांत स्पर्शाची दिशा वेगळी असते. तेव्हां एकच राहु दोघांना गिळतो हें जुळत नाहीं, असाहि मुद्दा त्यांनीं मांडला. आणि मग काय केलें? आगमांशीं विरोध नको म्हणून शेवटीं म्हटलें कीं, शंभूच्या वरानें तमोमय राहु पृथ्वीच्या छायेंत शिरतो आणि चंद्राला झांकतो. गणित गणिताच्या जागीं राहिलें आणि राहूचाहि मान राहिला.

ही श्रद्धा म्हणावयाची, कीं सावधगिरी? भास्कराचार्यांपूर्वीं पांचशें वर्षें ब्रह्मगुप्तानें, इ. स. ६२८ च्या आपल्या ग्रंथांत, राहु नाहीं म्हणणाऱ्यांना असेंच बजावलें होतें. अल् बेरूनी या मुसलमान पंडितानें इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यांत तो ब्रह्मगुप्ताच्या या वाक्यांपाशीं थबकतो. ज्यानें छायेचें इतकें बिनचूक गणित केलें त्यानें असें लिहावें, याचा त्याला खेद वाटतो; आणि तो अशी शंका काढतो कीं, सॉक्रेटिसावर ओढवला तसा प्रसंग आपणांवर येऊं नये म्हणून तर त्यानें हें लिहिलें नसेल? अल् बेरूनीचा तर्क बरोबर असेल वा नसेल. परंतु त्यानें एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. देवाच्या भीतीनें दाखवलेली आस्तिकता वेगळी आणि लोकांच्या भीतीनें दाखवलेली वेगळी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आजच्या घरांतूनहि "न जाणो" असें म्हणणाऱ्या पुष्कळांच्या मनांत खरी भीति देवाची नसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची असते.

भास्कराचार्यांच्या लीलावतींत अंकपाश नांवाचें एक प्रकरण आहे. वस्तूंची मांडणी किती प्रकारांनीं करतां येते, याचें तें गणित. त्यांत एक मौजेचें उदाहरण आहे. दशभुज शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधें आलटून पालटून ठेवलीं तर मूर्तीचे किती भेद होतील? उत्तर ३६,२८,८००. आणि चतुर्भुज विष्णूचे? २४. भास्कराचार्यांना येथें धर्मचर्चा करावयाची नव्हती. विद्यार्थ्याचें मन रमावें म्हणून त्यांनीं हें उदाहरण घेतलें. परंतु पास्कलच्या पणापुढें हें उदाहरण ठेवलें म्हणजे दिदरोच्या आक्षेपाचें बळ कळतें. पास्कलनें गृहीत धरलें होतें कीं पैजेला बाजू दोनच : त्याच्या धर्माचा देव आहे, किंवा नाहीं. जेथें एका गांवांत महादेव, एकवीरा, कानबाई, पीर आणि डोंगरावरचा वाघदेव शेजारीं शेजारीं नांदतात, तेथें दोन बाजूंचा हिशेब कसा पुरा पडावा? सावधगिरीच जर कारण असेल तर सर्वांनाच नमस्कार केला पाहिजे. आणि एकाचा नमस्कार दुसऱ्यास खपत नसेल तर? अनंत लाभाच्या आशेबरोबर अनंत अपराधाची भीतिहि दाराशीं येऊन उभी राहते. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस लागतो तो असा.

भास्कराचार्यांच्या नांवाशीं एक आख्यायिका जोडलेली आहे. १५८७ सालीं फैजीनें लीलावतीचें फारशींत भाषांतर केलें, त्यांत ती येते. तिला इतिहासाचा आधार नाहीं. आपल्या मुलीला वैधव्ययोग आहे असें पित्यानें कुंडलीवरून जाणलें आणि तो टळावा असा एकच मुहूर्त शोधून काढला. घटिकापात्र पाण्यांत सोडलें. कौतुकानें वांकून पाहणाऱ्या मुलीच्या अलंकारांतील एक मोतीं त्यांत पडलें, छिद्र बुजलें, आणि वेळ टळून गेली. आख्यायिका खरी नसली तरी ती रचणाऱ्यास माणसाच्या सावधगिरीचा स्वभाव नीट ठाऊक होता. जितकी काटेकोर खबरदारी, तितकें तिला उधळण्यास लहान कारण पुरतें.

या चांगदेव ज्योतिष्याहून अगदीं वेगळा असा दुसरा एक चांगदेव खानदेशांत प्रसिद्ध आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यांत, चांगदेव नांवाचें गांव आहे आणि तेथें त्या योग्याचें प्राचीन देऊळ आहे. परंपरा सांगते कीं, हा योगी काळ जवळ आला म्हणजे समाधि लावून प्राण ब्रह्मांडीं नेऊन ठेवी. काळ हात हलवीत परत जाई. असें चौदा वेळां करून तो चौदाशें वर्षें जगला. ज्ञानेश्वरांची कीर्ति ऐकून त्याला पत्र लिहावेंसें वाटलें. पण वयानें लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, कीं ज्ञानानें मोठे म्हणून नमस्कार लिहावा, याचा निर्णय होईना. शेवटीं त्यानें कोरा कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली कीं, चौदाशें वर्षें जगूनहि हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनीं पासष्ट ओव्यांचें उत्तर धाडलें आणि पुढें हा वृद्ध योगी त्या बालिकेचा शिष्य झाला.

सावधगिरीच्या आस्तिकतेवर याहून मार्मिक टीका क्वचितच झाली असेल. चांगदेवाची सारी साधना मरणाविरुद्ध खबरदारी घेण्यांत खर्च झाली होती. खबरदारी यशस्वी झाली, हेंच तिचें दुर्दैव. आणि तो कोरा कागद तरी काय आहे? चूक होऊं नये म्हणून कांहींच न लिहिणें, म्हणजे सावधगिरीची परिसीमा. मुक्ताबाईचें स्थान याच परिसरांत आहे आणि वारकऱ्यांच्या पालख्या तेथून पंढरपुरास जातात. पण या कथेचा हा अर्थ मात्र फारसा कोणी सांगत नाहीं.

येथवर पाहिलें तें पंडितांचें आणि संतांचें. सामान्य माणसाच्या जीवनांत हा प्रश्न अधिक निकडीचा होता. सातपुड्यांतील भिल्ल वाघदेवाची पूजा करीत आले, कारण रानांत गुरें चारणाराला वाघ हा तर्काचा विषय नव्हता. देवी नांवाच्या रोगालाच आपल्या लोकांनीं देवता मानलें. १८०२ सालीं मुंबईस देवीची लस हिंदुस्थानांत प्रथम टोंचण्यांत आली. परंतु पुढें कित्येक दशकें, टोंचलें तर देवीचा कोप होईल, या धास्तीनें आया मुलांना लपवून ठेवीत. १८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला आणि तेथून तो देशभर पसरला. जानेवारी १८९७ मध्यें हाफकिन यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्या दिवसांत अनेक कुटुंबांपुढें दोन खबरदाऱ्या होत्या, एक नवसाची आणि दुसरी सुईची. ज्यांनीं दोन्ही घेतल्या त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं. पण एक घेतली म्हणून दुसरी नको, असें ज्यांनीं ठरवलें, त्यांना त्या "न जाणो"ची किंमत घरांतील माणसांच्या रूपानें मोजावी लागली. लस टोंचणारांनीं नेटानें काम केलें म्हणून भारतांतील देवीचा रोग १९७५ मध्यें संपला, आणि १९७७ मध्यें तसें जाहीरहि झालें. त्यानें देवीच्या एकाहि भक्ताचें वाईट झालें नाहीं.

म्हणजे "आपलें काय जातें?" या प्रश्नाचें उत्तर "कांहींच नाहीं" असें नेहमीं येत नाहीं. आणि जें जातें तें पुष्कळ वेळां पैज लावणाऱ्याचें नसून दुसऱ्याचें असतें. अपशकून नको म्हणून विधवेला मंगलकार्यांतून बाहेर ठेवणाराला आपण कांहीं वाईट करतो असें वाटत नव्हतें. तो केवळ खबरदारी घेत होता. त्या खबरदारीचा हप्ता मात्र ती विधवा जन्मभर भरीत होती. जळगांवजवळच्या असोदें गांवीं १८८० मध्यें जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना ऐन तिशींत वैधव्य आलें. त्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. शेतांत राबतांना आणि जात्यावर दळतांना त्यांनीं रचलेल्या ओव्या त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, पुस्तकरूपानें आल्या. त्यांत दारीं आलेल्या ज्योतिष्याला परत जावयास सांगणारी एक कविता आहे. देवावर त्यांची श्रद्धा गाढ होती. पेरलेलें उगवतें त्यांत त्यांना देव दिसे. आणि तरीहि, किंवा म्हणूनच, भविष्याची खबरदारी विकणाऱ्यास त्यांच्या दारांत जागा नव्हती. श्रद्धा आणि सावधगिरी या एक नव्हेत, हें त्या निरक्षर बाईला पास्कलपेक्षांहि स्वच्छ कळलें होतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

मग सावधगिरीनें देवाकडे वळणाऱ्यास दारच बंद करावें काय? याचा विचार १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत झाला. सविनय कायदेभंगाच्या चळवळींत पकडलेले विनोबा भावे तेथें होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळांत, दर रविवारीं एक याप्रमाणें, गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनीं अठरा प्रवचनें दिलीं. तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं, म्हणून आज गीताप्रवचनें हा ग्रंथ आपणांस उपलब्ध आहे. लिहून घेणाराहि तोलाचा होता. अमळनेर येथें श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यानें १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालें होतें. गुरुजी तेथें तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीं आले, आणि मग १९२४ पासून तेथल्याच शाळेंत शिक्षक झाले.

सातव्या अध्यायाचें प्रवचन ३ एप्रिल रोजीं झालें. गीतेनें भक्त चार प्रकारचे सांगितले आहेत : संकटांत सांपडलेला आर्त, जाणूं इच्छिणारा जिज्ञासु, कांहीं मागणारा अर्थार्थी, आणि ज्ञानी. सावधगिरीनें हात जोडणारा फार तर पहिल्या आणि तिसऱ्या वर्गांत बसेल. त्याला गीतेनें हांकलून दिलेलें नाहीं. चौघांनाहि उदार म्हटलें आहे. विनोबांनींहि सकाम भक्तीचें मोल मान्य केलें. मागावयाचें तें देवापाशींच मागेन, या निष्ठेनें मनुष्य आला म्हणजे निदान त्याचें तोंड योग्य दिशेला वळलें. मागतां मागतां मागणें गळून पडेल. पास्कल संवयीबद्दल जें सांगत होता त्याच्याशीं हें कांहींसें जुळतें. परंतु येथेंहि एक अट आहे, आणि ती विसरतां कामा नये. सकाम भक्त एका देवाला धरतो; सावध मनुष्य सर्व दारें ठोठावतो आणि कोठेंच आंत शिरत नाहीं. पहिला वाटेवर आहे. दुसरा नाक्यावरच उभा आहे. नवसानें अपत्य होतें या समजुतीची तुकोबांनीं थट्टा केली, ती या नाक्यावरच्या माणसांना पुढें ढकलण्यासाठींच होय.

धुळ्याच्या तुरुंगांत ज्यांनीं हीं प्रवचनें टिपलीं त्या साने गुरुजींनीं पुढें पंधरा वर्षांनीं या प्रश्नाचा निकाल शब्दांनीं नव्हे तर कृतीनें दिला. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना बंद होतें. दार बंद ठेवूं पाहणाऱ्यांत सगळेच दुष्ट होते असें नाहीं. देव विटाळेल, परंपरा मोडेल, कांहीं अरिष्ट येईल, न जाणो, अशी पुष्कळांची भीति होती. दार बंद ठेवण्यांत आपलें काय जातें, असाच त्यांचा हिशेब होता. आणि त्या हिशेबांत शतकानुशतकें बाहेर उभ्या राहिलेल्या माणसांचा आंकडा धरलेलाच नव्हता. गुरुजींनीं महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागें केलें आणि १ मे १९४७ रोजीं पंढरपुरास उपोषण आरंभिलें. दहा दिवसांनीं, मंदिर खुलें होणार हें निश्चित झाल्यावर, त्यांनीं तें सोडलें. त्या दहा दिवसांत त्यांनीं पणाला लावला तो स्वतःचा प्राण, आणि जिंकावयाचें होतें तें दुसऱ्यांसाठीं.

येथें पास्कलच्या आणि गुरुजींच्या पणांतील अंतर लक्षांत येतें. एकांत थोडें लावून पुष्कळ मिळवावयाचें आहे. दुसऱ्यांत सर्वस्व लावून स्वतःसाठीं कांहींच मिळवावयाचें नाहीं. पहिला पण नास्तिकालाहि शिकवतां येतो, कारण तो हिशेब आहे. दुसरा शिकवतां येत नाहीं.

तेव्हां सावधगिरी म्हणून देव मानावा काय, या प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल. सावधगिरी आचरणांत असावी. परलोक असो वा नसो, खोटें बोलूं नये, दुसऱ्यास छळूं नये, ही साला गांवची पैज कोणीहि लावावी. तींत हार नाहीं. भीतीनें जोडलेल्या हातांचाहि तिरस्कार करूं नये, कारण गीतेनेंहि आर्ताला जवळ केलें आहे, आणि हात एकदां जोडले म्हणजे केव्हां तरी मनहि जुळण्याचा संभव असतो. परंतु खबरदारीलाच श्रद्धा समजूं नये, आणि तिचा हप्ता दुसऱ्याच्या गळ्यांत घालूं नये. घरांत "न जाणो" हा उद्गार निघेल तेव्हां एवढेंच विचारावें कीं, या खबरदारीसाठीं कोणाला दाराबाहेर उभें राहावें लागत आहे काय, कोणाचें औषध थांबत आहे काय, कोणाच्या कपाळीं अपशकुनाचा शिक्का बसत आहे काय. उत्तर "नाहीं" असेल तर देवापुढें खुशाल साखर ठेवावी. "होय" असेल तर आधीं त्या माणसाला आंत घ्यावें. नमस्कार मागाहून केला तरी चालेल.